दुग्धवर्ज्य गर्भिणीची परिचर्या : एका चुकीच्या निमित्ताने

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आता गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. अंजूरफाटा ते माणकोली या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ काल्हेर, पूर्णा, राहनाळ येथे इमारती उठल्या, आणि देशावरची, गुजराथेतील, उत्तरेकडील तरुण कुटुंबे येथे वसली. आमच्या चिकित्सालयात एकाच सकाळी मासळीशिवाय न जेवणारी आगरी गर्भिणी, कांदा-लसूणही न खाणारी जैन गर्भिणी आणि गळ्यात तुळशीची माळ असलेली साताऱ्याकडील सून अशा तिघी बाकावर शेजारी बसलेल्या असतात. आहारविचार येथे पुस्तकातून शिकावा लागत नाही, बाकच तो शिकवतो. गेल्या काही वर्षांत त्या बाकावर चौथी आली आहे. ती मांस-मत्स्य-अंडे तर घेत नाहीच, परंतु दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. ती स्वतःस ‘व्हेगन’ म्हणवते.

प्रस्तुत लेख तिच्या परिचर्येविषयी आहे. लेखाचे निमित्त मात्र आमच्या हातून झालेली एक चूक आहे, म्हणून प्रथम तीच सांगतो.

२०२१च्या पावसाळ्यात एक सव्वीस वर्षांची प्रथम गर्भिणी तिसऱ्या मासात आमच्याकडे आली. यजमान एका गोदामात सुपरवायझर, घर माळकरी, सासूबाई सोबत. रुग्णा पांडुवर्ण, हिमोग्लोबिन ८.६, क्षुधा मंद, जिव्हा गुळगुळीत व दाहयुक्त, हातापायांस मुंग्या. आहार विचारता ती म्हणाली, “डॉक्टर, मी दूध सोडलंय. लग्नानंतर इथे आल्यावर एका तबेल्याच्या मागे बांधलेलं रेडकू पाहिलं. दावं आखूड, बरगड्या वर आलेल्या. त्या दिवसापासून घोट उतरत नाही.” सासूबाईंनी आमच्याकडे अपेक्षेने पाहिले. आम्ही वैद्यास शोभेल अशा गांभीर्याने तिला चरकोक्त मासानुमासिक परिचर्या ऐकवली. प्रथम मासात केवळ क्षीर, द्वितीयात मधुरौषधसिद्ध क्षीर, तृतीयात मधु-सर्पीयुक्त क्षीर, चतुर्थात अक्षप्रमाण नवनीत, पंचमात क्षीरसर्पी. थोडक्यात, दुधावाचून गर्भपोषण नाही, असा निर्वाळा दिला. शतावरी कल्प दुधातून, नवायस लोह, सरकारी लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, असे लिहून दिले. तिने मान डोलावली.

सहाव्या मासात हिमोग्लोबिन १०.४ झाले. आम्ही समाधान पावलो. मुंग्या तशाच होत्या. त्यास आम्ही गर्भिणीचा वातप्रकोप म्हटले आणि अभ्यंग सांगितला. रक्तकणांचा सरासरी आकार अहवालात प्राकृत होता, म्हणून पुढे पाहिले नाही. २०२२च्या जानेवारीत प्रसूती सुखरूप झाली, बालक पावणेतीन किलोचे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सासूबाई बाळाला घेऊन आल्या. त्यांचे पहिले वाक्य आम्ही विसरलेलो नाही : “डॉक्टर, बाळ हसायचं थांबलंय.” नऊ महिन्यांचे बालक. सातव्या महिन्यात बसत होते, आता बसत नव्हते. वर्ण फिकट, केस विरळ व तांबूस, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा, नजर कोठेच ठरत नव्हती. आहार केवळ स्तन्य. वरचे अन्न ते थुंकून टाकी. क्षणभर बालशोषाचा विचार करून अरविंदासवाकडे आमचा हात गेला होता, हे कबूल करणे भाग आहे. तो थांबला, आणि आम्ही त्याच दिवशी बालकास ठाण्याच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. हिमोग्लोबिन ६.४, रक्तकण मोठे, व्हिटॅमिन बी-१२ मोजणीच्या खालच्या मर्यादेहूनही कमी. मातेचेही अत्यल्प. रुग्णालयात सूचिवेध सुरू झाले. मधल्या काही दिवसांत बाळाचे हातपाय कापू लागले, तेव्हा घरचे घाबरले. उपचार सुरू झाल्यावर असा कंप तात्पुरता येऊ शकतो, हे तेथील डॉक्टरांनी समजावले. दहाव्या दिवशी बाळ हसले.

माता आम्हाला नंतर म्हणाली, “मी दूध घेतलंच नाही. कल्प पाण्यातून घेतला. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही.”

आमची चूक दूध सांगण्यात नव्हती, ते न घेणाऱ्या स्त्रीसाठी दुसरे काहीच न सांगण्यात होती. तिने आपला निश्चय सांगितला होता. आम्ही तो तिच्या हट्टात जमा केला आणि लोह-फॉलिकने रक्त वाढलेले पाहून स्वस्थ झालो. फॉलिक अॅसिड रक्ताचे चित्र सुधारते आणि बी-१२च्या अभावाने नाड्यांची होणारी हानी मात्र चालूच राहते, हे आम्ही पदवीच्या वर्गात शिकलो होतो. रक्तकणांचा आकार प्राकृत का दिसला? लोहाभावाने कण लहान होतात, बी-१२च्या अभावाने मोठे. दोन्ही एकत्र असता सरासरी मध्यावर येते. आपल्या भागातील गर्भिणीत दोन्ही एकत्र असणे हाच नियम मानावा.

हा प्रश्न केवळ व्हेगन स्त्रियांचा आहे असेही समजू नये. वेल्लोर येथील वैद्यकांनी १९६२ सालीच ‘लान्सेट’मध्ये अशा बालकांचे वर्णन केले होते : केवळ स्तन्यावर असलेली, फिकट, काळवंडलेल्या त्वचेची, शिकलेले विसरू लागलेली, आणि त्यांच्या मातांमध्येही बी-१२ न्यून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भिणींचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांचे बी-१२ कमी आढळले. फॉलेट कमी असलेली माता मात्र एकच निघाली. २००८ साली त्यांनी दाखविले की, ज्या मातांमध्ये फॉलेट भरपूर व बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात कमी बी-१२ असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी अवधान व तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडल्याचे नोंदविले आहे. या गावांतील स्त्रिया दूध सोडलेल्या नव्हत्या. त्यांना ते पुरेसे मिळत नव्हते, इतकेच. चहात पडणारे चार चमचे दूध म्हणजे दुग्धाहार नव्हे. मग ज्या स्त्रीने तेही सोडले, तिचा साठा किती असणार? यकृतात बी-१२ अनेक वर्षे पुरते, हे पाश्चात्त्य पुस्तकातील वाक्य मांसाहार करून मग व्हेगन झालेल्या माणसासाठी खरे आहे. जन्मापासून अल्पदुग्ध शाकाहारावर वाढलेल्या आपल्या मुलीला ते लागू करू नये.

याच पुणे अभ्यासातील २००१चा एक निबंध आम्हास विशेष वाटतो. अठराव्या आठवड्यात दुधाचे आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या व फळांचे सेवन ज्या मातांत अधिक, त्यांची अपत्ये जन्मतः मोठी. येथे दुधाचे महत्त्व मान्य आहेच. पण दुधाच्या बरोबरीने पालेभाजी उभी आहे, हे आपण वैद्य सहसा सांगत नाही.

आता शास्त्रविचार. संहितांत बी-१२ शोधत बसू नये, हे आमचे स्पष्ट मत. तसा प्रयत्न करणारे लेख आपल्या क्षेत्रात निघतात. त्याने ना शास्त्राचा मान वाढतो, ना रुग्णेचे रक्त. चरकांनी जीवनीय द्रव्यांत क्षीरास अग्रस्थान दिले. सुश्रुतांनी चतुर्थ मासात क्षीर-नवनीतासह जांगल मांसही सांगितले. त्यांच्यासमोर दुग्धवर्ज्य गर्भिणी नव्हती. मात्र द्रव्य न मिळाल्यास काय करावे, याचा विचार आपल्या परंपरेने नक्कीच केला आहे. उत्तरकालीन ग्रंथांतील प्रतिनिधिद्रव्यांच्या यादीत मधाच्या अभावी जुना गूळ आणि दुधाच्या अभावी मुगाचा अथवा मसुरेचा यूष सांगितला आहे. ही ओळ आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. पंधरा वर्षांच्या व्यवसायानंतर ती कामी आली.

प्रतिनिधी म्हणजे तद्रूप नव्हे. क्षीराचे मधुर, शीत, स्निग्ध, बृंहण हे गुण वेगवेगळ्या द्रव्यांत वाटून मिळवावे लागतात : प्रथिनांसाठी यूष, स्नेहासाठी तीळ व नारळ, सुधांशासाठी नाचणी व तीळ. आणि जे वनस्पतीत नाहीच, ते बाहेरूनच द्यावे लागते. नारळाच्या दुधास केवळ नावाने दूध म्हणतात. त्यात कॅल्शियम नगण्य आहे. बदामाच्या घरगुती दुधाची तीच गोष्ट. रुग्णांच्या मनात हा घोटाळा फार असतो.

एका बाबतीत आपण मागे राहू नये, म्हणून थोडे बाहेरचेही सांगतो. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व सहकाऱ्यांनी ‘व्हेगन’ हा शब्द घडविला; बी-१२ वेगळे काढले गेले १९४८ साली. म्हणजे पहिल्या पिढीने हे व्रत घेतले तेव्हा त्यातील उणीव कोणास ठाऊकच असणे शक्य नव्हते. आज अशी सबब नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुनियोजित व्हेगन आहार गर्भावस्था व बाल्यासह सर्व अवस्थांत योग्य ठरविला होता. त्यांच्या २०२५च्या नव्या निवेदनाचा विषय मात्र केवळ प्रौढ असून गर्भिणी व स्तन्यदा त्यातून वगळल्या आहेत. जर्मन पोषणसंस्थेने २०१६ साली गर्भिणी व बालकांसाठी हा आहार नाकारला, आणि २०२४ साली पुराव्याअभावी ना शिफारस, ना निषेध अशी भूमिका घेतली. मोठ्या संस्थाच इतक्या सावध असताना वैद्याने रुग्णेस ‘काही होत नाही’ असेही सांगू नये आणि ‘बाळ वाचणार नाही’ असेही नाही.

प्रत्यक्ष परिचर्येत आम्ही आता पुढीलप्रमाणे वागतो. शक्य तर गर्भधारणेपूर्वी तीन मास भेट. दूध सोडण्याचा निश्चय गर्भ राहिल्यावर झाला असेल, तर चरकांचा पादांशिक क्रम आठवून एकदम त्याग न करण्याचे सुचवितो, परंतु आग्रह एकदाच करतो. तिने नाही म्हटले, तर तो विषय संपला. केसपेपरवर ‘दुग्ध वर्ज्य’ असे ठळक लिहितो, म्हणजे आमच्या सहकाऱ्यांकडून तीच चूक होत नाही. प्रथम भेटीतच बी-१२ची तपासणी. गर्भावस्थेत रक्तातील बी-१२ स्वभावतःच काहीसे उतरते, म्हणून संशयास्पद अहवालात होमोसिस्टीन पाहावे. परवडत नसेल तर अभाव गृहीत धरून चालावे, कारण या द्रव्याचा अतिरेक बाधत नाही. अभाव असल्यास चिकित्सामात्रा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने. नंतर नित्य मात्रा आजन्म. एका वेळी आतड्यातून विशिष्ट वाहकामार्फत दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जाते, त्यापलीकडील मात्रेचा साधारण शंभरावा भाग; म्हणून रोज घेतल्यास दहा मायक्रोग्रॅम पुरतात, आठवड्यातून एकदा घ्यायचे तर दोन हजार लागतात. पुण्याच्याच प्रिया या अभ्यासात किशोरवयीनांस रोज केवळ दोन मायक्रोग्रॅम देण्यात आले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या मुलींच्या अपत्यांचा दोन वर्षे वयातील बौद्धिक व भाषिक विकास सरस आढळला. द्रव्य किती अल्प आणि वेळ किती महत्त्वाची, हे यावरून दिसावे. औषधातील बी-१२ जंतूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यापासून नव्हे, हे रुग्णेस आवर्जून सांगावे. पुष्कळदा तेवढ्यानेच तिची अडचण दूर होते. स्पिरुलिना, इडलीचे पीठ, कांजी, न धुतलेली भाजी यांवर विसंबू देऊ नये. स्पिरुलिनातील बी-१२सदृश द्रव्य मनुष्यास निरुपयोगी आहे.

सरकारी योजनेतील गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते, बी-१२ नसते. गोळी चालू ठेवावीच. सोबत बी-१२ जोडावे. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर एकाच वेळी देऊ नये.

आपल्या घरच्या एका सवयीकडेही पाहावे. आपण सर्वांना सैंधव सांगतो. सैंधवात आयोडीन घातलेले नसते. दूध व मासे दोन्ही न घेणाऱ्या गर्भिणीस सैंधव सांगणे म्हणजे गर्भाच्या मेंदूचे आयोडीन तोडणे होय. तिला आयोडीनयुक्त मीठच द्यावे; सैंधव औषधीयोगापुरते.

औषधयोजनेत तर व्हेगन रुग्णा आपली परीक्षाच पाहते. फलघृत, च्यवनप्राश, मधाचे अनुपान हे उघड आहे. पण प्रवाळ, मौक्तिक, शंख ही सारी प्राणिज. कुक्कुटाण्डत्वक् तर विचारूच नये. लाक्षा ही कीटकाची निर्मिती, म्हणून लाक्षादि गुग्गुळ गेला. पुनर्नवा मंडूरात गोमूत्र. लोहभस्माच्या सामान्य शोधनात तक्र व गोमूत्र येतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटीनचे, आणि डी-३ हे सामान्यतः लोकरीच्या मेणापासून काढलेले. एका रुग्णेने आमची अर्धी चिठ्ठी अशी खोडली, तेव्हा प्रथम राग आला. नंतर जाणवले की आपण काय देतो हे आपणच इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते. गोदंती खनिज आहे, ती चालते. शतावरी, यष्टिमधु, विदारी यांचा क्षीरपाक न करता क्वाथ वा यूषसिद्धी करता येते. काय प्राणिज आहे ते रुग्णेस खरे सांगावे, आणि निर्णय तिचा असू द्यावा. न सांगता देणे हा विश्वासघात आहे, आणि तो उघडकीस येतोच.

आहाराबाबत परके काही आणावे लागत नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मि.ग्रॅ.च्या आसपास कॅल्शियम आहे, गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. तिळात हजाराहून अधिक. शेवग्याचा पाला, राजगिरा, तिळाची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याचे कूट, मोड आलेली मटकी व मूग, आमसुलाचे सार. आगरी घरातील तांदळाच्या भाकरीऐवजी एक वेळ नाचणीची. शेवटच्या तीन मासांत प्रथिनांची रोजची गरज सुमारे २२ ग्रॅमने वाढते. ती केवळ वरण पातळ करून भागत नाही, दाट यूष दोन वेळा, भिजविलेले शेंगदाणे किंवा सोयाबीन लागते. जेवणाबरोबर चहा नको, लिंबू किंवा आवळा हवा. आपला हळिवाचा लाडू नारळ व गुळाचा, मुळातच दुग्धवर्ज्य. मात्र तो सूतिकेसाठी, गर्भिणीस उष्ण पडतो. डिंक तुपाऐवजी खोबरेल तेलात उत्तम फुलतो, हे आम्हास सासूबाईंनीच दाखविले.

बालकाविषयी थोडक्यात, पण निक्षून. स्तन्य हे रसाचे उपधातु. मातेच्या रसात जे नाही ते स्तन्यात उतरणार नाही, म्हणून स्तन्यदेचे बी-१२ एक दिवसही खंडू नये. स्तन्य नसेल तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोयाबीनचे शिशुदुग्ध. घरचे बदामाचे वा तांदळाचे पाणी कदापि नाही. काश्यपांनी षष्ठ मासात फलप्राशन व दशमात अन्नप्राशन सांगितले आहे. दुग्धवर्ज्य घरात अन्नासाठी दहाव्या मासाची वाट पाहू नये, सहा महिने पुरे होताच नाचणी सत्त्व, मुगाची मऊ खिचडी सुरू करावी आणि बालकास स्वतंत्र बी-१२चे थेंब तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावेत. बालकाचे जठर लहान, आणि वनस्पत्याहार पोट लवकर भरतो. म्हणून प्रत्येक घासात तेल, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे वाटण हवे. दर मासास वजन व उंचीची नोंद. आणि प्रत्येक भेटीत एक प्रश्न : मागच्या वेळी जे करीत होते, ते आजही करते का? शिकलेले विसरणे हे लक्षण कोणत्याही अहवालाच्या आधी दिसते.

ते बालक आता चार वर्षांचे आहे. दीड वर्षाचे असताना चालू लागले. बोलणे उशिरा आले. आता वाक्ये बोलते, पण बालवाडीच्या बाईंच्या मते लक्ष लवकर उडते. यात त्या नऊ महिन्यांचा वाटा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. आम्ही मात्र तो शून्य धरत नाही.

माता गेल्या वर्षी पुन्हा गर्भिणी झाली, यावेळी तीन मास आधी येऊन. दूध तिने घेतले नाही, आम्हीही सांगितले नाही. बी-१२ प्रथमपासून, चतुर्थ मासात नवनीताच्या जागी तिळाचे वाटण, पंचमापासून शतावरीसिद्ध मुद्गयूष. प्रत्येक मासाला चरकांच्या ओळीशेजारी आम्ही पेन्सिलीने बदल लिहीत गेलो. नवव्या मासात मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचु. तैल दुधाऐवजी क्वाथाने सिद्ध करून घेतले, बाकी त्या ओळीशेजारी काही लिहावे लागले नाही.